तीर्थाबरोबर दोन गोळ्या

अक्का, आज सकाळीही मनीषानं दोन्ही गोळ्या एकदमच घेतल्या. तुमची लेक, तुमच्यासारखीच. एक बारकी पांढरी, थायरॉईडची. एक लाल, रक्तवाढीची. तेराव्यापर्यंत घरातले देव बंद आहेत, तीर्थ नाही, म्हणून तिनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, देव्हाऱ्याकडं तोंड करून डोळे मिटले आणि दोन्ही तोंडात टाकल्या. मी चहा गाळत होते. गाळणं हातातून सुटलं. "काकी, भाजलं का?" म्हणाली. "न्हाई," म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

आज तुम्हाला जाऊन बारावा दिवस. उद्या तेरावं. जेवणं उरकली की ती चार महिन्यांच्या पोरीला घेऊन किकवीला सासरी जाईल. ती जायच्या आत मला तिला एवढंच सांगायचंय की बाई, ह्या दोन गोळ्या एका घोटात घेऊ नकोस. लाल गोळी पांढरीला अंगी लागू देत नाही. आणि पांढरी अंगी लागली नाही की काळजाचं काय होतं, ते आपल्या घरानं आत्ताच बघितलंय. चार वाक्यं आहेत. पण मनीषा विचारणार, "मग आई का घ्यायची तश्या?" आणि आईला तसं मी शिकवलं होतं. तिथं माझी वाचा बसते. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आज सात दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय.

म्हणून वही घेतली. लसीकरणाची जुनी वही, मागची पानं कोरी होती. म्हटलं, आधी तुम्हाला सांगून बघू. एकवीस वर्षं एका घरात जावाजावा म्हणून राहिलो, पण तुमच्याशी बोलायला मला कधी भ्यावं लागलं नाही. भांडायला तर नाहीच नाही.

भांडणावरून सांगायचं तर मागल्या सालची लावणी आठवा. आषाढ होता, खाचरात पाणी बक्कळ, सगळ्या बायका ओळीनं पुढं सरकत होत्या आणि तुम्ही एकट्या मागं. दहा रोपं लावली की कमरेवर हात ठेवून उभ्या. मी बांधावरून ओरडले, "सगळ्या वाकत्यात, तुमालाच काय सोनं लागलंय?" बायका हसल्या. तुम्ही उलटून बोलला नाहीत. "व्हय गं, येते," म्हणालात, आणि तो आवाज कसा जड आला होता, घशात कापूस अडकल्यागत. घरी आल्यावर मी म्हणाले, चेष्टेनं बोलले हो. तुम्ही म्हणालात, "मला ठाव हाय. पर अंगच उचलंना बघ, शोभे."

मला तेव्हा कळायला हवं होतं. मी आशाताई, वाडीतल्या पोरांची वजनं करणारी, गरोदर बायकांच्या मागं लागून त्यांना नसरापूरला नेणारी. आणि माझ्या शेजारी बसून भाकरी थापणारी बाई वैशाखात गोधडी पांघरते, तिचे केस मुठीनं गळतात, काल सांगितलेलं आज विसरते, हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. तुमचं तोंड भरलं, गाल वर आले, तर बायका म्हणाल्या, "अक्का सुधारल्या, लेकीचं लगीन झालं, आता सुखाचं अंग आलंय." मीही म्हणाले. ती सूज होती, अक्का.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तुम्हाला गुडघ्यासाठी म्हणून नसरापूरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं गुडघा बाजूला ठेवला आणि नाडी धरून बराच वेळ घड्याळाकडं बघत राहिला. "आजी, तुमचं हृदय फार सावकाश चाललंय." तुम्ही म्हणालात, "मंग बरं हाय की. घाई कुणाला हाय?" डॉक्टर हसला. मीही हसले. आजी म्हटलेलं मात्र तुम्हाला लागलं, ते तुम्ही येताना एसटीत दोनदा बोलून दाखवलंत. छप्पन्नाव्या वर्षी कुणी आजी म्हणतं का, म्हणून.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यानं नीट समजावलं. गळ्यात एक बारकी गाठ असते, तिच्यातून एक रस निघतो, त्यावर सगळं अंग चालतं. तो कमी पडला की सगळंच मंदावतं, काळीज पण. रक्तातली चरबी निघून जायची ती साठत जाते, नसांना आतून चिकटते. लक्ष दिलं नाही तर काळजाभोवती पाणी धरतं. तुम्ही विचारलंत, "गळा हितं आन् काळीज तितं, ह्येचं त्याला काय?" मी एसटीत तुम्हाला सांगितलं, चुलीला जाळ कमी पडला की वरचा भात कच्चा राहतो आणि खालचा भांड्याला धरतो, तसं. माझं मलाच ते सांगणं इतकं आवडलं की पुढं वाडीत चार जणींना सांगितलं. सांगण्यात मी हुशारच आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ते माझ्यासारखीला बघूनच कुणीतरी काढलं असणार.

गोळी दिली. सकाळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. आणि तिथं तुम्ही अडून बसलात.

"देवाच्या आधी तोंडात काय बी घालायचं न्हाई."

"अवो औषध हाय ते, भजी न्हाईत!"

"आसू दे. ह्या घरात आले तवापासनं चूळ भरायच्या पाण्याबिगर काय घेतलं न्हाई. आत्याबाईंनी मरताना हातात पळी-पंचपात्र दिलंय माज्या. तुला न्हाई दिलं."

हे शेवटचं मुद्दाम. आठवडाभर आपलं जुंपलं. पाकीट तसंच कोनाड्यात, त्याच्या शेजारी मी आणून दिलेली लाल गोळ्यांची पाकिटं, तीही तशीच, कारण तुमचं रक्तही कमी भरलं होतं आणि ती गोळी खाल्ली की मळमळतं म्हणून तुम्ही टाळत होतात. पूजा झाली की लगेच गाय, मग दूधवाला, मग चहा. गोळी राहिली ती राहिलीच. संध्याकाळी आठवायची. "उद्या घेते."

मग मला सुचलं. मी न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आले तुम्हाला सांगायला. "अक्का, तीर्थ तर पूजेनंतरच घेता ना? आन् तवर पोट रिकामंच असतंय ना? मग तीर्थाबरोबर घ्या की गोळी! देवाचं बी राहिलं आन् डॉक्टरचं बी." तुम्ही माझ्याकडं बघतच राहिलात. "शोभे, तुजं डोकं हाय का काय!" असं म्हणून तुम्ही माझी अलाबला घेतलीत, कानशिलावर बोटं कडाकडा मोडलीत. मी फुगले. आणि फुगल्या फुगल्या अजून एक वाक्य बोलले. "आन् ही लाल पण त्यातच टाका. दोनी एकदम. म्हंजे इसरायचं कामच न्हाई."

झालं. एवढंच. जे व्हायचं ते त्या एका वाक्यात झालं.

तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत. संकष्टीला, एकादशीला, नवरात्राच्या नऊही दिवसांत घेतल्यात, कारण तीर्थानं उपास मोडत नाही. तळहातावर पाणी, त्यात तुळशीचं पान, शेजारी दोन गोळ्या. डोळे मिटून घ्यायचात. मी लांबून बघायचे आणि मला बरं वाटायचं. आमच्या महिन्याच्या मिटिंगला मी हे उभं राहून सांगितलं, बायकांना गोळ्या घ्यायला कसं लावावं म्हणून. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. त्या टाळ्या आठवल्या की आता पाचावर धारण बसते. त्यातल्या कुणी कुणी आपापल्या गावात कुणाकुणाला हे सांगितलं असेल?

मनीषाला पोटुशी असताना थायरॉईड निघालं तेव्हा तर तुम्ही फोनवर तिला म्हणालात, "घाबरू नगंस, काकीनं मला लई सोपी रीत दावलीय." मी बाजूलाच बसून लसूण सोलत होते.

इथं थोडं थांबले होते. मनीषाची पोरगी रडत होती, तिला घेतलं. तिच्या आजीसारखीच आहे, कपाळ मोठं. रडताना हात गार पडतात. थंडीचे दिवस आहेत, पोराचे हात गार असणारच. पण मला आता गार हात बघवत नाहीत, कुणाचेच.

तुम्ही नसतात तर मी आशाताई झालेच नसते, हेही लिहायला पाहिजे. घरात माणसं नको म्हणत होती. बाईनं वाडीवस्तीनं पिशवी घेऊन फिरायचं म्हणजे काय! तुमचे मालक, आपले आबा, तेही गप्प बसलेले. तुम्ही पदर खोचून म्हणालात, "ती बारावी झालीय. मी आंगठा हाय. मी सांभाळते चूल, ती जाऊ दे." आणि सांभाळलीत. माझी दोन्ही पोरं तुम्ही मोठी केलीत, मला नाव ठेवायला कुणी आलं की दारातूनच वाटेला लावलंत. कुणाला ताप आला, कुणाचं पोट दुखलं, की तुमचं एकच. "आमच्या शोभीला इचारा, तिला समदं कळतंय." मला ते ऐकायला गोड लागायचं. आता कुणी मला हाक मारून काही विचारलं की मी दवाखान्यात विचारा म्हणते.

गोळी सुरू झाली तरी रिपोर्ट सुधारेना. डॉक्टरनं गोळी वाढवली. पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा वाढवली. "आजी, रोज घेता ना?" "येक दिस चुकला न्हाई." "रिकाम्या पोटी?" "व्हय, देवाच्या तीर्थाबरूबर." त्याला ते आवडलं, हसून मान हलवली. मी शेजारी बसून साक्ष देत होते. लाल गोळीचं त्यानं विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही, कारण तिला तुम्ही औषध मानतच नव्हता, ती तर शोभीची गोळी. आणि मी? ती माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही, अक्का. खरं सांगते. तुमच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं, पण आता पाय कुठून आणू.

मग तुम्हाला दम लागायला लागला. आधी वरच्या आळीच्या चढाला, मग घराच्या तीन पायऱ्यांना. पायाला बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. तुम्ही म्हणालात, "वयाचंच आसंल ना गं?" मी "व्हय" म्हणाले. डॉक्टरनं मात्र पाय बघितले आणि काळजाची सोनोग्राफी करायला सांगितली, भोरला. मी म्हणाले उद्याच जाऊ. तुम्ही म्हणालात भात काढून होऊ दे, झोडून होऊ दे. आपलं त्यावरून भांडण झालं, दोन दिवस बोललो नाही, आणि शेवटी मी दमले. म्हणाले, "बरं, तुमच्या मनासारखं होऊ द्या, पुढच्या गुरवारी जायाचं म्हंजे जायाचं." त्या गुरुवारी आम्ही तुमची राख सावडून आलो होतो. भांडणात तुम्ही नेहमी हरायचात, अक्का. हे एकच जिंकलात.

त्या सकाळचं मला लिहायचं नव्हतं. पण लिहिते, कारण तेच डोळ्यापुढं आहे. अंघोळ, पूजा, गोळ्या, दूध, सगळं उरकून तुम्ही ओट्यावर पावटा सोलायला बसलात. मी पिशवी भरत होते. तुम्ही हाक मारलीत, मोठ्यानं नाही. "शोभे, छातीवर कुणी जातं ठेवल्यावानी झालंय." तोंडावर घाम, एवढ्या थंडीत. शेजारच्याची जीप काढली, आबा पुढं, मी मागं तुम्हाला धरून. मी नाडी धरून बसले होते. मला तेवढं येतं. मार्गासनीच्या पुढं ती बोटाखालून गेली. मला वाटलं माझी बोटं सरकली. मी जागा बदलली, पुन्हा दाबली, दुसरा हात धरला. नसरापूर येईपर्यंत मी बोटंच हलवत होते. आबा पुढून विचारत होते, "कशी हाय?" आणि मी म्हणत होते, "हाय, हाय, चला बिगीनं."

पाचव्या दिवशी मी कागद आणायला त्या डॉक्टरकडं गेले, मयताची नोंद करायला लागतो म्हणून. त्यालाही वाईट वाटत होतं. तुमची फाईल पुढं घेऊन म्हणाला, मला एक कळत नाही, एवढी गोळी वाढवूनही आजींच्या अंगी का लागत नव्हती? दुसरं काही औषध चालू होतं का? मी म्हणाले, "न्हाई, दुसरं कायच न्हाई. फक्त रक्तवाढीची." "ती कधी घ्यायच्या?" "त्याच येळंला. एकदमच." त्यानं पेन खाली ठेवलं.

म्हणाला, ताई, दोन्हीत चार तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, ह्या थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवून धरतात. वर्षभर ती बरीचशी वाया गेली असणार. काळीज वर्षभर तसंच ओढत होतं. मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाला, एकट्या त्यानंच झालं असं म्हणता येत नाही, वय होतं, नसा आधीच खराब असतील, तपासणी राहून गेली, आणि मीही विचारायला पाहिजे होतं. चांगला माणूस आहे. पण अक्का, मला तो बोलत होता ते नंतरचं काही ऐकूच आलं नाही. मी कागद घेतला आणि फाट्यावर येऊन उभी राहिले. दोन एसट्या गेल्या, मी बसले नाही. मला घरी यायची भीती वाटत होती. घरात मनीषा होती.

दुसऱ्या दिवशी मी लबाडी केली. म्हटलं, न सांगताच काम होतंय का बघू. तिची लाल पाकिटं उचलून धान्याच्या कणगीमागं टाकली. सकाळी ती शोधायला लागली. "काकी, लाल गोळ्या कुठंयत?" "संपल्या आसतील." "संपल्या तर तुमच्या पिशवीत ढीगभर हायेत की!" असं म्हणून स्वतःच माझी पिशवी उघडली आणि एक पाकीट काढून घेतलं. आणि वर मला म्हणते, "एक दिस बी चुकवायची न्हाई, आईनं मला शपत घातलीय." मी तिथंच भिंतीला टेकले. तिला वाटलं तुमच्या आठवणीनं. जवळ येऊन माझेच डोळे पुसले तिनं.

तेव्हापासून मी तिच्यावर पाळत ठेवून आहे. ती झोपली की छाती हलते का बघते. वेणी घालायच्या निमित्तानं मनगट धरते आणि मनात मोजते. वाळत घालायला दोरीपाशी उभी होती, साडी हातात धरून जरा थांबली, तर मी हातातलं टाकून पळाले. ती नुसती समोरच्या डोंगराकडं बघत होती. आणि हे सगळं मी करते, पण ते एक वाक्य बोलत नाही. का, ते तुम्हाला सांगते. ती मला काय म्हणेल ह्याची भीती नाही एवढी. आबा काय म्हणतील, वाडी काय म्हणेल, पुढच्या वेळी मी कुणाच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिले तर ती बाई गोळी घेईल का, ह्याची आहे. म्हणजे बघा, मला माझ्या शब्दाची पडलीय. तुमची लेक एकीकडं आणि माझा शब्द एकीकडं, आणि सात दिवस मी शब्दच धरून बसलेय. हे लिहिलं आणि माझी मलाच किळस आली.

मनीषा हाक मारतेय. उद्याचे तांदूळ निवडायचेत. येते.

अक्का, काल एवढं लिहून उठले. आज तेरावं झालं, पानं उठली, माणसं गेली. राहिलेलं लिहिते.

काल मी सूप घेऊन बसले, ती पोरीला पाजून समोर येऊन बसली. दोघी खडे काढत होतो. थोड्या वेळानं म्हणाली, "काकी, मला हल्ली तीन पायऱ्या चढलं तरी दम लागतोय. बाळंतपणाचंच आसंल ना?"

मला "व्हय" म्हणायचं होतं. जीभ तिथंच गेली होती, सवयीनं. पण ते निघालं नाही. निघालं ते सगळं दुसरंच, उलटसुलट, आधी डॉक्टरचं, मग लाल गोळीचं, मग टाळ्यांचं, मग कणगीमागच्या पाकिटांचं. मी बोलत होते आणि सुपातले तांदूळ जमिनीवर सांडत होते. "मी शिकवलं तुज्या आईला. मी. दोनी एकदम घ्या म्हणून मीच सांगितलं." हे मी किती वेळा म्हणाले कुणास ठाऊक.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर अंगावर धावून येईल. तिनं विचारलं, "दोनी एकदम?" मी म्हणाले व्हय. परत विचारलं, "दोनी एकदम घेतल्यानं?" मग तिनं मोबाईल काढला आणि माझ्यादेखत डॉक्टरला फोन लावला. आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावं. "आमची काकी सांगतीय ते खरं हाय का?" डॉक्टर म्हणाला, खरं आहे. लाल गोळी सोडायची नाही, बाळ अंगावर पितंय, पण ती दुपारी जेवणानंतर. पांढरी पहाटे, एकटी. दम लागतोय तर थांबू नका, जाताजाता दवाखान्यात या, रक्तही बघू, काळजाची पट्टीही काढू, ईसीजीची. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला, सांडलेले तांदूळ एकेक करून गोळा केले आणि आत गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिनं वाढलं, मी जेवले. भांडी दोघींनी घासली.

आज पहाटे गजर लावून उठली. मी जागीच होते, अंथरुणातून बघत होते. तिनं तोंड धुतलं, देव्हाऱ्याकडं पाठ केली आणि पांढरी गोळी एकटी घेतली. पाणी पिऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली, देवाच्या आधी गोळी घेतल्याची शिक्षा मिळते का ते बघत असल्यागत. काही झालं नाही. लाल पाकिटं तिनं पोरीच्या लंगोटांच्या खाली, पिशवीच्या तळाला ठेवली.

दुपारी तिचा नवरा गाडी घेऊन आला. आबांच्या पाया पडली, मग माझ्या पडली, रीत म्हणून. पोरीला माझ्याकडं दिलं नाही. गाडीत बसली, दार लागलं. आणि मग दार उघडून परत उतरली. पोरीला नवऱ्याच्या मांडीवर ठेवून माझ्यापर्यंत आली. मला वाटलं गळ्यात पडेल. मी हात पुढं केले होते, अक्का.

ती हातभर लांब उभी राहिली. म्हणाली, "काकी, एक सांगा. आई वरीसभर त्या डॉक्टरकडं जात व्हती. समोर बसत व्हती. लाल गोळीचं तिनं त्याला एकदा बी कसं इचारलं न्हाई?"

मी म्हणाले, "मी व्हते ना घरात."